विश्लेषण : पासवर्ड बरोबर, तरीही वायफाय का जोडले जात नाही?

घरात नवे फायबर कनेक्शन येते, जुना राउटर जाऊन नवा बसतो. नवे मोबाइल लगेच जोडले जातात. पण सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, प्रिंटर किंवा दारावरचा कॅमेरा काही केल्या जोडला जात नाही. पासवर्ड चार वेळा तपासून टाकला तरी ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ एवढेच उत्तर येते. अशा वेळी बिघाड अनेकदा वायरीत किंवा पासवर्डमध्ये नसतो. राउटर आणि उपकरण यांनी निवडलेल्या सुरक्षा पद्धती एकमेकींशी जुळत नसतात. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सुरक्षा सैल करणे किंवा काढूनच टाकणे. एका जुन्या उपकरणासाठी साऱ्या घराचे कुलूप काढण्याचा हा प्रकार का थांबायला हवा, योग्य दुरुस्ती कोणती आणि तिची जबाबदारी कोणाची, याचा हा आढावा.

नेमके काय बिघडते?

वायफाय जोडले जाण्यासाठी राउटर आणि उपकरण यांचे तीन गोष्टींवर एकमत व्हावे लागते : नेटवर्कचे नाव, सुरक्षेची पद्धत आणि पासवर्ड. नाव आणि पासवर्ड घरात सर्वांना ठाऊक असतात. सुरक्षेची पद्धत मात्र राउटरच्या आतल्या पानावर एकदाच निवडली जाते आणि नंतर कोणाच्या ध्यानातही राहत नाही. राउटर साधारणपणे सेकंदाला दहा वेळा आपले नाव आणि आपल्याला कोणती सुरक्षा चालते, हे हवेत जाहीर करत असतो. लॅपटॉप वा मोबाइल ही घोषणा ऐकतो आणि स्वतःकडे साठवलेल्या नोंदीशी ताडून पाहतो. नोंदीत एक पद्धत आणि घोषणेत दुसरी असेल, तर गोष्ट पासवर्डपर्यंत पोहोचतच नाही.

विंडोजच्या जुन्या आवृत्त्या निदान खरे कारण सांगत. संगणकात साठवलेली मांडणी या नेटवर्कच्या गरजेशी जुळत नाही, अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येई. आज बरीच उपकरणे जोडणी फसण्याची वेगवेगळी कारणे एकाच ठरावीक संदेशात गुंडाळतात. त्यामुळे घरातील माणूस पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राहतो आणि दोष स्वतःला देतो.

पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा कसा ठरतो?

आपण टाइप केलेला पासवर्ड हवेतून राउटरकडे जातो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. आज सर्वाधिक वापरात असलेल्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत राउटर आणि उपकरण दोघेही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र घेऊन त्यावर ४,०९६ वेळा गणिती प्रक्रिया करतात आणि २५६ बिटांची एक किल्ली तयार करतात. मग चार संदेशांची देवाणघेवाण होते आणि आपल्याकडे तीच किल्ली आहे, हे दोघे एकमेकांना किल्ली न दाखवता पटवून देतात. किल्लीत नावही मिसळलेले असल्याने नावातील एखादे अक्षर बदलले, लहान लिपीतील अक्षर मोठ्या लिपीत गेले किंवा शेवटी एखादी मोकळी जागा राहिली, तरी उपकरणाच्या दृष्टीने ते निराळेच नेटवर्क असते.

मराठी घरांत येणारी एक अडचणही येथेच दडलेली आहे. नेटवर्कच्या नावासाठी ३२ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीतील एक अक्षरचिन्ह साधारणपणे तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी यांची मोजणी स्वतंत्र होते. म्हणजे दहा चिन्हांतच मर्यादा संपते. काही जुनी उपकरणे असे नाव नीट दाखवतही नाहीत. पासवर्डच्या बाबतीत तर डब्ल्यूपीए२ मध्ये ८ ते ६३ चिन्हे आणि तीही इंग्रजी कळफलकावरचीच, असा दंडक आहे. घराचे नाव मराठीत ठेवण्याची हौस समजण्यासारखी आहे. पण कॅमेरा किंवा प्रिंटर जोडला जात नसेल, तर नाव तात्पुरते रोमन लिपीत करून पाहावे.

सुरक्षेच्या इतक्या पिढ्या कशा झाल्या?

वायफायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले. त्यासोबतच्या सुरक्षेला डब्ल्यूईपी म्हणतात. तिच्यातील मूलभूत कच्चेपणा फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिला. पुढे हे कुलूप काही मिनिटांत उघडणारी साधने कोणालाही उपलब्ध झाली. तातडीची मलमपट्टी म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आले. त्यातील टीकेआयपी ही एन्क्रिप्शनची पद्धत जुन्याच यंत्रांवर चालावी, म्हणून केलेली तडजोड होती. टिकाऊ उपाय २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या रूपाने आला. त्यात एईएस ही भक्कम पद्धत वापरली गेली आणि मार्च २००६ पासून वायफायचे प्रमाणपत्र हवे असलेल्या नव्या उपकरणांना ती सक्तीची झाली.

बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठातील मॅथी व्हॅनहूफ यांनी २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधील चार संदेशांच्या देवाणघेवाणीतील त्रुटी उघड केली. सॉफ्टवेअर अद्ययावत करून ती बुजवता आली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ दाखल झाले आणि जुलै २०२० पासून तेही नव्या प्रमाणपत्रासाठी सक्तीचे झाले. अँड्रॉइड १०, आयओएस १३ आणि विंडोज १० ची २०१९ मधील आवृत्ती येथपासून डब्ल्यूपीए३ ओळखले जाऊ लागले, अर्थात यंत्रातील वायफायची चिपही तशी हवी.

घरातील गोंधळाचे मूळ या तारखांमध्ये आहे. राउटर २०२४ चा, लॅपटॉप २०१६ चा, प्रिंटर २०१२ चा आणि माळ्यावरून काढलेला जुना राउटर २००५ चा असेल, तर एकाच छताखाली चार पिढ्या नांदत असतात. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवला, तर लॅपटॉप आणि प्रिंटर बाहेर राहतात. जुन्या राउटरवर डब्ल्यूईपी असेल आणि नव्यावर डब्ल्यूपीए२, तर नाव आणि पासवर्ड तेच ठेवूनही उपकरणे अडखळतात. डब्ल्यूईपीचा पासवर्ड पाच किंवा तेरा अक्षरांचा असे. त्यातला पाच अक्षरी पासवर्ड नव्या पद्धतीत मुळात स्वीकारलाच जात नाही, कारण तेथे किमान आठ अक्षरे लागतात.

दोष कोणाकडे आहे, हे कसे ओळखावे?

कोणतेही बटण दाबण्यापूर्वी एक साधी पाहणी करावी. घरातील सगळीच उपकरणे जोडली जात नसतील, तर राउटरची मांडणी बिघडली आहे. एकच उपकरण अडत असेल, तर त्याच्याकडची जुनी नोंद किंवा त्याची क्षमता हे कारण असते. काल चालणारे उपकरण राउटर बदलल्यावर किंवा राउटर ‘रिसेट’ केल्यावर अडले, तर साठवलेल्या नोंदीवर पहिला संशय घ्यावा. उपकरणाला नेटवर्कचे नावच दिसत नसेल, तर प्रश्न सुरक्षेचा नसून बँडचा असण्याची शक्यता अधिक. स्वस्त कॅमेरे, स्मार्ट बल्ब आणि जुने प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात. ५ गिगाहर्ट्झवरचे नाव त्यांना दिसत नाही.

आणखी एक खूण म्हणजे जोडताना पासवर्डसोबत ‘युजरनेम’ही मागितले जाणे. तसे झाले, तर राउटरवर चुकून ‘एंटरप्राइज’ पद्धत निवडली गेली आहे, असे समजावे. ती कार्यालये आणि महाविद्यालयांसाठी असते आणि तिला ओळख तपासणारा स्वतंत्र सर्व्हर लागतो. घरासाठी ‘पर्सनल’ हाच पर्याय योग्य.

दुरुस्तीचा क्रम काय असावा?

पहिली पायरी उपकरणावरच. सेटिंगमध्ये जाऊन ‘फरगेट नेटवर्क’ निवडावे म्हणजे जुनी नोंद पुसली जाते. मग नेटवर्क नव्याने निवडून पासवर्ड टाकावा. साठवलेली नोंद हेच कारण असेल, तर काम येथेच संपते आणि राउटरला हात लावण्याची वेळ येत नाही.

त्याने भागले नाही, तर राउटरचे पान उघडावे. जोडलेल्या मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की ते उघडते. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. या पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. बदल करण्यापूर्वी आहे त्या मांडणीचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. शक्य असल्यास हे काम केबलने जोडलेल्या संगणकावरून करावे. वायफायवरूनच करत असल्यास ‘सेव्ह’ दाबताक्षणी आपलाच मोबाइल तुटेल. तो बिघाड नव्हे. सुरक्षा बदलल्याने प्रत्येक उपकरणाला नव्याने जोडावे लागते, इतकेच.

सुरक्षेच्या रकान्यात घरात नव्या-जुन्याची सरमिसळ असेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३-पर्सनल’ हा एकत्रित पर्याय निवडावा. तो नसेल किंवा त्यावर एखादे उपकरण अडत असेल, तर ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’ आणि एन्क्रिप्शनसाठी केवळ ‘एईएस’. डब्ल्यूईपी, टीकेआयपी आणि दोन्हींची मोट बांधणारा ‘टीकेआयपी+एईएस’ हे तिन्ही पर्याय टाळावेत. अनेक राउटरांत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची पाने वेगवेगळी असतात. एका पानावर बदल करून दुसरे तसेच सोडले, तर मोबाइल एका खोलीत चालतो आणि दुसऱ्या खोलीत अडतो. दोन्ही पानांवर सारखीच निवड हवी.

एकत्रित पर्यायात ‘पीएमएफ’ नावाचा आणखी एक रकाना दिसू शकतो. जोडणी राखण्यासाठीच्या संदेशांना तो संरक्षण देतो. डब्ल्यूपीए३ ला तो आवश्यक असतो, पण काही जुन्या उपकरणांना तो समजत नाही. एकत्रित पर्यायात तो ‘ऑप्शनल’ असावा. ‘रिक्वायर्ड’ केल्यास जुनी मंडळी बाहेरच राहतील. शेवटी राउटर आणि अडणारे उपकरण या दोन्हींचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का, हे पाहावे.

घरात दोन राउटर असतील तर?

मोठ्या घरात किंवा जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात आतल्या खोलीसाठी दुसरा राउटर किंवा रिपीटर लावला जातो. दोन्हींचे नाव आणि पासवर्ड सारखे ठेवले की मोबाइल चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जाईल, अशी अपेक्षा असते. पण पहिल्यावर डब्ल्यूपीए२ आणि दुसऱ्यावर जुने डब्ल्यूपीए राहिले, तर नाव एक आणि कुलपे दोन अशी स्थिती होते. दिवाणखान्यात चालणारा लॅपटॉप आतल्या खोलीत गेला की तुटतो आणि ‘रेंज नाही’ असा निष्कर्ष निघून तिसरे यंत्र विकत घेतले जाते. खर्च करण्यापूर्वी दोन्ही यंत्रांवर नाव, सुरक्षा, एन्क्रिप्शन आणि पासवर्ड या चारही गोष्टी तंतोतंत सारख्या आहेत का, हे तपासावे. दुसरे यंत्र टीकेआयपीच्या पुढे जातच नसेल, तर ते निवृत्त करावे.

सुरक्षा सैल केली तर बिघडते कुठे?

जोडणी करून देणारा मुलगा घाईत असतो, पुढच्या तीन घरांचे फोन वाजत असतात. ‘काका, पासवर्डच काढून टाकू का?’ हा त्याचा प्रश्न घरातल्यांना सोयीचा वाटतो. किंवा तो सुरक्षा डब्ल्यूपीएवर आणून ठेवतो. प्रिंटर चालू लागतो, सगळे समाधानी होतात. या समाधानाची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत वेगाची. वायफायच्या २००९ च्या मानकापासून पुढचे जास्तीचे वेग डब्ल्यूईपी आणि टीकेआयपीसोबत चालू नयेत, अशीच रचना आहे. अशी जोडणी कागदावरच ५४ एमबीपीएसवर अडकते आणि प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्मीच हाती येते. दरमहा १०० किंवा २०० एमबीपीएसचे पैसे भरणाऱ्या घराला हा वेग का मिळत नाही, याचे उत्तर कधी कधी या एका रकान्यात असते.

दुसरी किंमत सुरक्षेची. टीकेआयपी आणि एईएस एकत्र ठेवले, तर सर्व उपकरणांना एकदम उद्देशून जाणारे संदेश सर्वांना कळतील अशाच, म्हणजे कमकुवत पद्धतीने पाठवावे लागतात. आयफोन अशा नेटवर्कच्या नावाखाली ‘वीक सिक्युरिटी’ असा शेरा दाखवतो. तो पाहूनही दुर्लक्ष केले जाते. ज्या घरात २०२० च्या टाळेबंदीपासून कार्यालयाचे काम, मुलांचे शिक्षण आणि बँकेचे व्यवहार एकाच जोडणीवर चालतात, तेथे हे दुर्लक्ष परवडणारे नाही. बँकेची संकेतस्थळे आणि अ‍ॅप स्वतःचे एन्क्रिप्शन वापरतात, हे खरे. पण घरात शिरलेल्या परक्याला कॅमेरा, प्रिंटर, सामाईक फोल्डर आणि राउटरचे पान यांपर्यंत पोहोचता येते. तेथे बहुधा कारखान्यातला ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड असतो.

तिसरी किंमत बदनामीची, आणि महाराष्ट्राने ती पाहिली आहे. अहमदाबादेत २६ जुलै २००८ रोजी साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना गेलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. वायफाय भलत्यांनीच वापरले होते, पण तपासाचा रोख आधी त्या घराकडे वळला. त्याच वर्षी सप्टेंबरमधील दिल्ली स्फोटांसंबंधीचा ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या. इंटरनेटवर घराची ओळख म्हणजे राउटरचा पत्ता. आत कोण बसले होते, हे नंतर सिद्ध करत बसावे लागते.

मोबाइल क्रमांक हा पासवर्ड चालेल?

पद्धत योग्य निवडली तरी पासवर्ड कच्चा असेल, तर उपयोग नाही. जोडणी देताना ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून टाकण्याची पद्धत रूढ आहे. डब्ल्यूपीए२ मधील त्या चार संदेशांची नोंद जिन्यात उभ्या असलेल्या कोणालाही करता येते आणि मग घरी बसून एकेक पासवर्ड लावून पाहता येतो. भारतातील मोबाइल क्रमांक दहा आकडी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. आजचे एखादे शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात पासवर्ड तपासू शकते. त्या हिशेबाने सव्वा तासाच्या आत सगळे क्रमांक संपतात. शेजाऱ्याला तर तेवढीही गरज नाही, क्रमांक त्याच्याकडे असतोच. डब्ल्यूपीए३ मध्ये असा घरी बसून चालणारा अंदाजांचा खेळ रोखला आहे. पण डब्ल्यूपीए२ वर राहावे लागणाऱ्या घरांनी तीन-चार असंबद्ध शब्द आणि आकडे मिळून किमान बारा-पंधरा अक्षरांचा पासवर्ड ठेवावा.

पासवर्ड टाळणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोयही तपासून घ्यावी. तिच्यातील आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडू शकते, हे २०११ च्या अखेरीस उघड झाले. निदान पिनचा पर्याय बंदच असावा.

जुनी उपकरणे फेकून द्यायची का?

सुरक्षेचा आग्रह धरला की पहिला आक्षेप येतो तो खर्चाचा. नवा लॅपटॉप, नवा प्रिंटर प्रत्येक घराला परवडत नाही आणि चालते यंत्र भंगारात टाकणे शहाणपणाचेही नाही. आक्षेप रास्त आहे. मात्र, डब्ल्यूपीए२ आणि एईएस मार्च २००६ पासून सक्तीचे आहे. म्हणजे त्याहूनही जुनी सुरक्षा मागणारे प्रमाणित उपकरण सुमारे दोन दशकांपूर्वीच्या घडणीचे असते. अशी यंत्रे घरात फार तर एखाददुसरी निघतील आणि त्यांच्यासाठी स्वस्त वाटा आहेत. जुन्या लॅपटॉपला यूएसबीचा छोटा वायफाय अडॅप्टर लावता येतो. प्रिंटर संगणकाला केबलने जोडता येतो. टीव्हीला राउटरपासून थेट वायर देता येते.

उपकरण डब्ल्यूपीए२ जाणते, पण डब्ल्यूपीए३ नाही, असा प्रसंग अधिक येतो. त्यासाठी राउटरचे ‘गेस्ट नेटवर्क’ कामी येते. मुख्य नेटवर्क नव्या सुरक्षेवर ठेवावे; कॅमेरा, बल्ब, प्रिंटर ही मंडळी २.४ गिगाहर्ट्झच्या पाहुण्यांच्या नेटवर्कवर डब्ल्यूपीए२ आणि एईएस देऊन बसवावीत. जुन्याला जागा मिळते आणि त्याच्यासाठी सर्वांना खाली यावे लागत नाही. मात्र, गेस्ट नेटवर्कवरील उपकरणे मुख्य नेटवर्कवरील उपकरणांपासून तोडलेली असू शकतात. त्यामुळे मोबाइलवरून प्रिंट देता येते का, हे आधी पाहून घ्यावे.

दुसरा आक्षेप शेजारधर्माचा आहे. चाळीत किंवा लहान इमारतीत एकाच्या वायफायवर दोन-तीन घरांतील मुले अभ्यास करतात. हा चांगुलपणा मोडण्याचे कारण नाही. गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड कागदावर लिहून देता येतो आणि वाटेल तेव्हा बदलता येतो. चार ओळखीच्या घरांना दिलेली जोडणी आणि रस्त्यावरच्या प्रत्येकासाठी उघडी टाकलेली जोडणी, यांत फरक आहे.

मग जबाबदारी कोणाची?

सुरक्षेच्या या अपयशाचे खापर नेहमी घरातील माणसावर फोडले जाते. लोक पासवर्ड नीट ठेवत नाहीत, लोकांना समजत नाही, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. राउटर बहुधा सेवा पुरवठादार देतो, त्याचा तंत्रज्ञ तो बसवतो, सुरक्षेची पद्धत आणि पासवर्ड तोच निवडतो. अनेक पुरवठादारांना दूरवरूनही राउटरची मांडणी पाहता आणि बदलता येते. काही ठिकाणी तर राउटरच्या पानाचा पासवर्ड ग्राहकाला दिलाही जात नाही. ज्याच्या हाती किल्ल्या आहेत, त्याच्याकडेच कुलपाची जबाबदारी असायला हवी.

इतरत्र कायद्याने हे मान्य केले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना पुरेशी सुरक्षा देण्याचे बंधन उत्पादकांवर आहे. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देणे किंवा पहिल्याच वापरात तो बदलायला लावणे, असे त्याचे स्वरूप आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देण्यास बंदी आहे आणि सुरक्षेची अद्यतने किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. भारतातही दूरसंचार विभागाच्या अखत्यारीतील बेंगळूरुस्थित केंद्राने घरगुती वायफाय यंत्रांसाठी सुरक्षेचे निकष तयार केले आहेत. पण यंत्र कारखान्यातून कसे निघते, एवढेच निकषांतून ठरते. घरात बसवताना त्यावर काय निवडले गेले, हे तपासणारे तेथे कोणी नसते. गोंधळ होतो तो याच टप्प्यावर.

त्यावरचे उपाय खर्चीक नाहीत. जोडणी देताना ग्राहकाच्या हाती मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्यावी. तीवर नेटवर्कचे नाव, निवडलेली सुरक्षा पद्धत, राउटरच्या पानाचा पत्ता व पासवर्ड आणि अद्यतने कधीपर्यंत मिळणार, या चार गोष्टी असाव्यात. डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी हे पर्याय नव्या राउटरांतून काढून टाकावेत. मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून ठेवण्याची पद्धत पुरवठादारांनी स्वतःहून बंद करावी. उपकरणांच्या उत्पादकांनीही ‘पासवर्ड चुकीचा’ आणि ‘सुरक्षा पद्धत जुळत नाही’ हे दोन वेगळे संदेश, वापरणाऱ्याच्या भाषेत, दाखवावेत. या शेवटच्या एका सुधारणेने अर्धा गोंधळ संपेल, कारण बिघाड कोठे आहे हे कळल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

तोवर ग्राहकाने काय करावे?

तंत्रज्ञ घरात असतानाच तीन प्रश्न विचारावेत : सुरक्षा कोणती ठेवली, एन्क्रिप्शन एईएस आहे ना आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड काय? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. जुने उपकरण जोडले जात नसेल, तर सुरक्षा खाली आणण्यास नकार द्यावा आणि गेस्ट नेटवर्क सुरू करून मागावे. राउटरच्या पानाचा पासवर्ड देण्यास नकार मिळाल्यास पुरवठादाराकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. जोडणीचा गैरवापर होऊन पैसे गेल्याचा संशय आल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तातडीने कळवावे. आणि ज्यांच्या घरी जोडणी आधीपासून सुरू आहे, त्यांनी आज फक्त मोबाइलच्या वायफाय यादीत आपल्या नेटवर्कवर बोट ठेवून तपशील पाहावा. अनेक मोबाइलवर तेथे सुरक्षेची पद्धत लिहिलेली असते. ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ याखेरीज दुसरे काही दिसले, तर राउटरचे पान उघडण्याची वेळ आली आहे.